शंभर मीटरच्या आत

हिंगोली,
२ मार्च २००३

प्रिय आकांक्षा,

सप्रेम जयभीम.

तू औरंगाबादला नीट पोचलीस आणि दवाखान्यात रुजू झालीस, हे मला प्रमोदमामाकडून कळलं. बरं वाटलं. मला तू काहीच कळवलं नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

घरचं ठीक चाललं आहे. शेजारच्या पद्माबाई सकाळी भाकरी पाठवतात. नको म्हटलं तर रागावतात. "मीठ कुठल्या डब्यात हाय ते तरी ठाव हाय का तुमाला?" म्हणाल्या. ठाऊक नव्हतं. परवा मामा हळद घेऊन मोंढ्यात आला होता. जाताना घरी येऊन गेला. तुझ्या आईच्या फोटोसमोर बराच वेळ बसला. मग कुठल्यातरी जुन्या गोष्टीवर हसला, तेव्हा त्याच्या दातांवरच्या पिवळ्या रेघा दिसल्या. तुझी आई हसताना तोंडावर पदर घ्यायची. ती लाजाळू आहे असं तुला लहानपणी वाटायचं. ती दात झाकायची. तिच्या माहेरच्या वस्तीत वाढलेल्या सगळ्यांचे दात तसेच आहेत, आणि म्हाताऱ्यांचे गुडघेही गेलेले आहेत.

मी सभेला निघताना तू जे बोललीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. "आईची राख थंड व्हायची हाय अजून, आन् तुमी मिटिंगला निघाले." घरात भेटायला आलेल्या बायका बसल्या होत्या. त्यांनी माना खाली घातल्या. तुला वाटलं, बाबाला नोकरी मोठी. तसं असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

माझ्या कामाबद्दल मी घरात कधी नीट बोललो नाही. जिल्ह्यातल्या पाण्याची माहिती तीन खात्यांकडे असते. आमचं खातं जमिनीतलं पाणी किती खोल गेलं ते मोजतं. दुसरं हापसे घेतं आणि दुरुस्त करतं. तिसरं पाणी तपासून पिण्याजोगं आहे की नाही ते सांगतं. तिघांची माहिती तिघांच्या कपाटात. परभणीतून आपला जिल्हा वेगळा झाला तेव्हा कपाटंसुद्धा अर्धी इकडे आली, अर्धी तिकडेच राहिली. एका खात्यात चालू असलेली विहीर दुसऱ्या खात्यात कोरडी असायची आणि तिसऱ्याच्या मते ती खोदलेलीच नसायची. मग वरून आदेश आला की तिघांनी एकत्र बसून सगळं एका संगणकात आणायचं. दर गुरुवारी आम्ही बसू लागलो. मला ते काम मनापासून आवडायचं. जी माणसं एकमेकांच्या पत्राला उत्तर देत नव्हती, ती एका टेबलावर भजी खाऊ लागली.

अडचण एकच होती. एक हापसा तीन खात्यांतून तीन हापसे होऊन यायचा, कारण प्रत्येकाचं मोजमाप थोडं वेगळं. म्हणून साहेबांनी नियम सुचवला, की एका गावात शंभर मीटरच्या आत दोन हापसे दिसले तर ते एकच धरायचे आणि गावातला मुख्य हापसा ठेवायचा. साहेब पुण्याकडचे, माणूस चांगला. म्हणाले, "अहो, एवढ्याशा अंतरात सरकार दोन हापसे कशाला घेईल?" कशाला घेतं हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तेवढ्यात चहा आला.

साखऱ्याच्या पुढचं तुझं आजोळ तू पाहिलं आहेस. मधे छोटा नाला आहे. अलीकडे गावचा हापसा, पलीकडे आपल्या वस्तीचा. इकडून हाक मारली तर तिकडे ऐकू येते. गावच्या हापशाचं पाणी चांगलं आहे. वस्तीच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, दात आणि गुडघे त्यानंच जातात. ती तपासणी झालेली आहे. पण नियम लागला की वस्तीचा हापसा गावच्या हापशात जाणार आणि कागदावर चांगलं पाणीच तेवढं उरणार. मग वस्तीला दुसरी सोय मागायला आधारच राहत नाही.

हे मी तुझ्या आईला जेवताना सहज सांगितलं. तिचा हात थांबला. "आमचा हापसा काहून गाळून राहिले? तुमी तिथंच बसता न्हवं?" मी म्हटलं, बघतो. पुढे आजारपणात नांदेडच्या दवाखान्यात, बोलताना धाप लागायची तेव्हाही, तिनं तुझ्या लग्नाचं, घराचं काही काढलं नाही. एवढंच म्हणाली, "वस्तीचं तेवढं बोला." मी हो म्हटलं. आणि त्याच आठवड्यात ती गेली.

त्या गुरुवारी नियम मंजूर व्हायचा होता. म्हणून मी निघालो. तुला हे दारातच सांगता आलं असतं. पण काम करून आल्यावर सांगू असं मनात होतं. वाटेत मी वाक्यं जुळवत गेलो. सभेत आधी सगळे तुझ्या आईसाठी उभे राहिले. मग साहेब म्हणाले, भिवाजीराव अशा दुःखातही आले, याला म्हणतात कर्तव्य. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत माझी सगळी वाक्यं गेली. विषय निघाला, साहेबांनी विचारलं, कुणाची हरकत आहे का. मला वाटलं, आता बोललो तर म्हणतील, आला आपल्या लोकांचं घेऊन. वीस वर्षं मी असं कुणाला म्हणू दिलं नव्हतं. मी मांडीवरच्या हातांकडे बघत बसलो. नियम मंजूर झाला.

बाहेर हापसेवाल्या खात्यातले नरसिंग भेटले. वस्तीचा हापसा त्यांनीच बसवला होता. म्हणाले, "तुमी बोलताल म्हनून मी गप बसलो, भिवाजीराव." मी तसाच घरी निघालो. घरी आलो तर तुझी बॅग भरलेली होती. तू बोललीस त्यापेक्षा खरी गोष्ट वाईट आहे, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. तुझ्या आईला सोडून मी कामासाठी गेलो नव्हतो. तिच्या कामासाठी गेलो आणि ते न करता परत आलो. मामा परवा समोर बसला होता तेव्हा मी त्याला चहा विचारला, हळदीचा भाव विचारला. त्याच्या हापशाचं नाव काढू शकलो नाही.

आता लिहिण्याचं कारण सांगतो. एकत्र केलेली माहिती येत्या गुरुवारी मुंबईला जाणार आहे. त्याआधी शेवटची सभा आहे आणि साहेब पुन्हा हरकत विचारणार आहेत. मी उठेन असं मला वाटतं, पण मागच्या वेळीही वाटलं होतं. माझा माझ्यावर भरवसा नाही. तुझी आई होती तोवर घरी येऊन कुणाला तरी उत्तर द्यावं लागायचं. आता मी न बोलता परत आलो तर या घरात मला विचारणारं कुणी नाही, आणि तीच सोय मला नको आहे. पत्र तुला मंगळवारपर्यंत मिळेल. तू मला माफ कर असं मी म्हणत नाही. गुरुवारी संध्याकाळी फक्त फोन कर. मी कसा आहे ते विचारू नकोस. "बाबा, बोलले का?" एवढंच विचार, आणि मी उत्तर देईपर्यंत फोन ठेवू नकोस.

तुझाच,
बाबा