नागनाथचं टोकन

३ फेब्रुवारी
व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशक अनुश्री मॅडमनी वही देऊन अकरा दिवस झाले. रोज लिहायचं ठरलं होतं. पेन मिळत नव्हतं. मिळालं तर कॅरम सुरू झाला. आजपासून नक्की. दारू बंद, दिवस अठरावा. सुटलो की सांगानेरला कापडावर ठप्पे मारायचं शिकणार. किंवा परत ट्रकवर.

४ फेब्रुवारी
रूपाली भुसावळला, माहेरी. फोनवर एकच: "आधी एचआयव्हीचा रिपोर्ट दाखव, मग नांदायला येते."
मॅडमनी विचारलं, पिऊन बायकांकडे गेलास तेव्हा कंडोम होता का? चौमू गावच्या ढाब्यामागे पाच-सहादाच गेलो, म्हटलं. कंडोम खिशात असायचा. मतलब, खिशातच राहायचा. तेवढी शुद्ध कुणाला असते? पण आपली तब्येत दणकट आहे.

८ फेब्रुवारी, सकाळी ११
तपासणी झाली. रक्त घेणारा तोंड बघत नाही, टोकनावरचं नाव बघतो. शेजारच्या खाटेवर नागनाथ. रेल्वेत गँगमन, बायको सोडून कुणाकडे गेलेला नाही, वाचता येत नाही. टोकनं मीच आणली. माझं त्याला दिलं, त्याचं मी घेतलं. त्याचं काय बिघडतं? माझं निगेटिव्हच येणार होतं. फक्त खात्री केली.

९ फेब्रुवारी
माझा रिपोर्ट निगेटिव्ह! म्हटलंच होतं. फोटो लगेच रूपालीला.
नागनाथचा पॉझिटिव्ह. रडतोय. "आईशप्पथ भावा, द्वारकेशिवाय कुणी नाही." लोक किती लपवतात! त्याचा चहाचा कप मी वेगळा ठेवला. मॅडम ओरडल्या, "कपाने होत नाही, किती वेळा सांगू?" असेल. पण आपली काळजी आपण घ्यावी.

११ फेब्रुवारी
द्वारकावहिनी आल्या. फाटकातच त्याच्या थोबाडीत दिली, पोरांना घेऊन गेल्या. नागनाथने रिपोर्ट माझ्यापुढे धरला, "नाव माझंच आहे का, वाच ना." वाचलं. त्याचंच होतं. मी खोटं बोललो नाही.

१२ फेब्रुवारी
उद्या मॅडमना सगळं सांगणार. पण सोमवारी त्याची फेरतपासणी आहे, तीत सुटेलच. मग सांगायचं कशाला?

१५ फेब्रुवारी
नागनाथ फेरतपासणीआधीच भिंत चढून पळाला. विश्वकर्मा भागातल्या दारूच्या ठेक्यावर सकाळपासून बसलाय म्हणे. पंचवीस दिवस कोरडा होता. मन कच्चं, दुसरं काय.

१६ फेब्रुवारी, दुपार
पक्कं ठरवलं. मार्चमध्ये गुपचूप तपासणी. तोवर रूपालीपासून लांब. ती काय महिनाभर येत नाही, तेवढ्यात शब्द जुळवून ठेवू.
थांब, वॉचमन हाक मारतोय. "भैयाजी, आपकी मिसेस आई हैं." दोन बॅगा घेऊन. तिचा आवाज इथपर्यंत येतोय, मॅडमना सांगतेय, "रिपोर्ट बघितला आणि मिळालं त्या पहिल्या तिकिटाने निघाले. आता बाळाचं लांबवायचं नाही."