सोबतीच्या मंदाबाई

उटी, बुधवार

चिमीच्या बाबांना इथूनच वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे. पैसे देऊन सोबतीला आणलेल्या मंदाबाई फार जपतात. रस्ता ओलांडताना हात धरतात, गोळीची आठवण करतात. शेजारची लाडकी विचारत होती ना, "देव नाय, लगीन नाय, मंग जातेस कशाला?" तिला सांगा, नुसतं बघायलाही माणसं येतात.

तुमच्या गुडघ्यांना तेल कोण चोळतं? चिमी येऊन जाते का?

एक सांगते, हसू नका. काल डोंगराच्या कठड्याशी गेलो. आपल्या दांडीच्या किनाऱ्याला भरती चढते ना, तसे ढग खालून वर येत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, बघा तरी!" वळून बघते तर शेजारी कोणी नाही, मंदाबाई दहा पावलं मागे. मी ओशाळले.

त्या म्हणाल्या, "काकू, इथं सगळ्याच बायका घरच्या माणसाला हाक मारतात. म्हणून या जागी मी शेजारी उभी राहत नाही."

आता गुडघ्यांची सबब सांगू नका. जीप थेट कठड्यापर्यंत जाते. मी विचारून ठेवलंय.

तुमच्या घरची,
प्रेमला