डाव्या पंखावरची पट्टी

समता कॉलोनी, रायपूर
१४ ऑक्टोबर २००३

ती. विनोदिनीकाकूस,
अनुश्रीचा शि. सा. न. वि. वि.

खंडेनवमीला तुम्ही दोघं आलात आणि काकांनी आमच्या फ्लाइंग क्लबचं विमान असं चकाचक केलं, की मले उडायला शिकवणारे गंगाधर सर अजून नाव काढतात. रेल्वे वर्कशॉप सुटलं तरी काकांचा हात काही सुटला नाही. पण आज वेगळंच लिहून राहिली आहे.

शनिवारी मी मरता मरता वाचली. वेग मुद्दाम कमी करत विमान तोल सोडतं तिथवर न्यायचा धडा होता. पंखांनी हवा सोडली की आमचं विमान थरथरतं, नाक सरळ खाली टाकतं आणि सावरतं, गरीब गाईसारखं. या वेळी उजवा पंख एकदम खाली गेला आणि विमान गरगरत सुटलं. सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या डोळ्यांसमोर गोल फिरून राहिल्या होत्या. मले तर काहीच सुचलं नाही. सरांनी इंजिन कमी केलं, डाव्या पायाखालचं पेडल दाबून धरलं, मग नाक खाली लोटलं, तेव्हा ते थांबलं.

माझाच पाय एका बाजूला जास्त पडला असेल, असं सर म्हणतात. मेकॅनिकने उजवा पंख दोनदा तपासला, काही निघालं नाही. माझं उड्डाण बंद आहे. आई म्हणते, पोट्टीने आता बँकेची परीक्षा द्यावी. येत्या रविवारी त्याच विमानात आपल्या पुष्करची पाळी आहे, आणि माझा हा धाकटा भाऊ नुसता नाचून राहिला आहे.

काकांना हे जपून सांगा. माया आहेच, ती राहू द्या.

तुमची
अनुश्री

नागपूर
१७ ऑक्टोबर २००३

चि. अनुश्रीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझ्या आईला एवढंच सांगितलं, की रविवारी विमान उडू देऊ नका, काहून ते विचारू नका. पुढचं तोंडातून फुटेना, म्हणून लिहिते.

तुझं पत्र मी यांना जेवताना वाचून दाखवलं. विमान आधी नाक सरळ टाकायचं आणि आता टाकत नाही, हे ऐकलं आणि हा माणूस ताटावरून उठला. माझा देवघरातला पाट डुगडुगतो, त्याखाली यांनी दसऱ्यापासून एक पट्टी सारली होती. ती काढून माझ्यापुढे धरली. वितीएवढी, तिकोनी. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर चिकटवलेली होती म्हणे, एक कोपरा सुटलेला. उजव्या पंखावर तशी नव्हती, म्हणून यांना वाटलं, डागडुजीत कोणी विसरलेला तुकडा असेल. उचकटला, कड घासून गुळगुळीत केली. तिथे स्वस्तिक काढायला कुंकू मीच दिलं गं. आणि भंगार यांच्याने टाकवत नाही, खिशात घालून घरी आणलं.

मी वाट्टेल ते बोलली. तेव्हापासून यांच्याशी बोलणंच बंद केलं आहे. आज सकाळच्या गाडीने पट्टी रुमालात बांधून निघाले आहेत, हे पत्रही त्यांच्याच हाती देते. हवं तेवढं रागवा त्यांच्यावर, पण जेवायला घाला, दोन दिवस पोटात काही नाही.

जिवाला जप.

तुझी
विनोदिनीकाकू

समता कॉलोनी, रायपूर
२२ ऑक्टोबर २००३

ती. विनोदिनीकाकूस,
अनुश्रीचा शि. सा. न. वि. वि.

काकांनी रुमाल सोडला, तसे सर पट्टी घेऊन डाव्या पंखाकडे धावले. आम्ही सगळे उजवा पंख तपासत राहिलो आणि गेलेलं होतं डाव्यावरचं. सरांनी समजावलं, की दोन पंख कधी अगदी सारखे बनत नाहीत. या विमानाचा उजवा पंख हवा आधी सोडतो. डाव्यानेही तेव्हाच सोडावी, म्हणून ती पट्टी मुद्दाम लावलेली. दोन्हींनी सोबत सोडली तर नाक सरळ पडतं. एकाने सोडली आणि दुसरा उचलतच राहिला, की विमान भोवऱ्यासारखं फिरतं. काका सरांच्या पाया पडायला वाकले, सरांनी वरच्यावर धरलं.

काकू, काकांशी बोला. आता जे लिहिते, ते आईलाही सांगितलं नाही. उडण्याआधी विमानाभोवती फिरून पंखांच्या कडेवरून हात फिरवायचा, हे आमचं नेहमीचं काम. ती पट्टी सरांनी मले पहिल्याच दिवशी दाखवली होती. पण दसऱ्यानंतर दरवेळी त्या जागेवर मी हात उचलून पुढे न्यायची, कुंकू पुसलं जाईल म्हणून. सरही तसंच करत होते, काल त्यांनी कबूल केलं. नुसता हात लावला असता, तर दोघांनाही कळलं असतं.

आज पट्टी परत चिकटवायची, तर आधी जागा साफ करायची होती. ओलं फडकं घेऊन मी पंखापाशी उभी राहिली आणि माझा हातच उचलेना. शेवटी काकांनी फडकं घेतलं आणि स्वस्तिक स्वतः पुसलं.

उद्या सर मले परत वर नेणार आहेत. काका आज रात्रीच्या गाडीने निघतात, हे पत्र त्यांच्याच हाती देते. दिवाळीला या, आणि दोघं मिळून या.

तुमची
अनुश्री