दोन मुलींचं टाइमटेबल

१६ सप्टेंबर १९७८, शनिवार

आज सकाळी सहाला उठून मी दोन्ही मुलींच्या वेण्या घातल्या. जिजाच्या दोन वेण्यांना पंचवीस मिनिटं लागली. उजवी डावीपेक्षा चार बोटं वर आली, पण रिबिनी दोन्ही लाल. देवकी म्हणाली, "बाबा, माह्या मीच घालीन." तिला अकरावं लागलं आहे, लाजते. तिच्याही घातल्याच. सव्वासातला ड्युटीवर निघताना पाहिलं तर दोघींच्या वेण्या एकदम सारख्या. केस जरा बसले की आपोआप सारखे होतात असं दिसतं.

मुलींच्या आईला, गोपिकाला, जाऊन सव्वा वर्ष झालं. तिची थोरली बहीण यमुताई राखीला आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, काल पुन्हा म्हणाल्या, "मारोतराव, पोरी मले देऊन द्या. प्रताप नगरात दोन खोल्या रिकाम्या हायेत. तुम्ही गिरणीचा भोंगा सांभाळान का पोरी?" मी म्हटलं, कोजागिरीपर्यंत थांबा, घर पाहा, मग बोला. त्या म्हणाल्या, "कोजागिरीले येतेच." मुलींसमोर हे बोलायला नको होतं. पण जिजा खेळत होती, आणि देवकी तांदूळ निवडत होती, तिचं लक्ष नव्हतं.

म्हणून टाइमटेबल. गिरणीत बावीस वर्षं टाइमकीपर आहे. चारशे माणसांची हजेरी ठेवतो, दोन मुली काय! पुठ्ठ्यावर लिहून स्टोव्हच्या वर लावलं. पाच : नळाचं पाणी (मी). साडेपाच : पूजा (मी). सहा : वेण्या (मी). साडेसहा : पोळ्या (मी).

संध्याकाळी भुलाबाई बसवली. मागचं वर्ष दुःखाचं होतं, बसवली नव्हती. आता महिनाभर आळीतल्या मुली घरोघर फिरून गाणी म्हणणार आणि त्या त्या घरची खिरापत, नुसता डबा वाजवून, ओळखणार. आपल्या घरची खिरापत रोज मी करणार.

१७ सप्टेंबर, रविवार

हजेरी : चौदा मुली. गाणी झाल्यावर जिजानं डबा वाजवला. सगळ्या ओरडू लागल्या, गोड का तिखट, गोड का तिखट. मी पोथी वाचत बसलो होतो. देवापुढच्या प्रसादाचं नाव लपवून ठेवणं मला बरं वाटत नाही. सांगून टाकलं, फुटाणे आहेत. शेजारच्या इंदूबाईंची पोर म्हणाली, "काकाजी, काहून सांगून देल्लं? आता वाजवून काय फायदा?" मग सगळ्या मुकाट्यानं आपापले फुटाणे घेऊन गेल्या. पाच मिनिटांत आटोपलं. वेळेची बचत. जिजाचे पुढचे दोन दात पडलेत, ती बराच वेळ एकच फुटाणा चोखत बसली होती.

२० सप्टेंबर, बुधवार

उठायला साडेसहा झाले. आभाळ होतं, उजाडल्याचं कळलं नाही. नळाचं पाणी भरलेलं, पोळ्या डब्यात, वेण्या झालेल्या. देवकी म्हणाली, आज जाग आली. तीन दिवस तिला जागच येते आहे. वळण लागतं ते असं. टाइमटेबलावरचं 'मी' खोडायची गरज नाही. उद्या पाचला उठणे.

जिजा जेवताना आपली पावलं माझ्या मांडीखाली सारते. गार असतात. असं ती आईजवळ करायची. आज घास हातात घेऊन मी तसाच थोडा वेळ बसलो, हललो नाही. गोपिका पोळ्या लाटताना गुणगुणायची. मला वाटायचं, हिला काम कमी आहे. देवकी गुणगुणत नाही. कामात लक्ष आहे.

हजेरी : नऊ.

२५ सप्टेंबर, सोमवार

अविधवा नवमी. गोपिका सवाष्ण गेली, म्हणून तिच्या नावानं आज एक सवाष्ण जेवू घालायची. इंदूबाईंना सांगितलं होतं. स्वयंपाक मी करणार म्हणून हाफ-डे घेतला. एकला घरी पोचलो तर वडे, कढी, खीर, भाज्या, सगळं तयार. इंदूबाईंनी पहिला घास घेतला आणि हात थांबवला. "भाऊ, हे कोणं रांधलं?" मी म्हटलं, आम्ही सगळ्यांनी मिळून. "आज तं सोमवार हाय. पोरीले शाळा नाही काय?" देवकी म्हणाली, "मी बी बाबासारखा हाफ-डे घेतला." मला हसू आलं. इंदूबाई हसल्या नाहीत. "तुह्या हाफ-डे राखीपासून चालू हाय वं," म्हणाल्या. देवकीनं त्यांच्या पानात आणखी एक वडा वाढला.

इंदूबाईंना थट्टेची सवय आहे. तरी शाळेत एकदा जाऊन यावं. उद्या.

३० सप्टेंबर, शनिवार

शाळेत जाणं झालं नाही. मंगळवारी गिरणीतले दुसरे टाइमकीपर भैय्याजी रजेवर, त्यांचं रजिस्टरही माझ्याकडे. बुधवारी डोकं दुखत होतं. गुरुवारी शाळेच्या फाटकापर्यंत गेलो. मग वाटलं, आत जाऊन चौकशी करणं म्हणजे पोटच्या मुलीवर संशय घेणं. परत फिरलो.

गिरणीत आज तिघांच्या आजारपणाच्या खोट्या चिठ्ठ्या पकडल्या. भैय्याजी सगळ्यांसमोर म्हणाले, "मारोतरावच्या डोयातून माशी नाही सुटत गा!" बरं वाटलं.

भुलाबाईची हजेरी : दोन. त्यात एक जिजा. आजकालच्या मुलींना भक्ती उरलेली नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

शाळेतून बोलावणं आलं. वर्गाच्या बाई नवीन आहेत, जूनमध्ये बदलून आल्या. चांगल्या वाटल्या, खुर्ची दिली. देवकी बत्तीस दिवस गैरहजर. जिजाला सोडते आणि फाटकातूनच परत जाते. बाईंनी सात अर्ज माझ्यासमोर ठेवले. खाली माझी सही. शेवटचा फराटासुद्धा माझाच. गिरणीत आले असते तर मी मंजूर केले असते. सातही अर्जांत कारण एकच : घरी आई आजारी असल्यामुळे.

बाईंनी विचारलं, आता कशी आहे त्यांची तब्येत?

मी म्हटलं, बरी आहे आता.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला. हात जोडायचे राहिले.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

देवकीला विचारलं. रागावायचं ठरवलं होतं. ती भांडी घासत होती, हात थांबवला नाही. म्हणाली, "तुमच्याच्यानं टाइमटेबल होत नाही, बाबा. मावशी पाहीन तं आमाले घेऊन जाईन. मंग तुम्ही एकटे काय करान?" मी म्हटलं, मला सगळं येतं. "हो," म्हणाली. लहान मुलाला म्हणतात तसं.

ठरलं. उद्यापासून ती शाळेत. पाचला मी उठणार.

१० ऑक्टोबर, मंगळवार

शनिवारी पाचला उठलो. नळाला रांग, स्टोव्ह भडकला, चार पोळ्यांतली एक खाण्यासारखी. ती जिजानं खाल्ली आणि चांगली झाली म्हणाली. गिरणीत वीस मिनिटं उशीर. बावीस वर्षांतला माझा पहिला लेट मार्क, माझ्याच हातानं मारला. काल उठायला सहा झाले. आज जिजाला ताप. कोणीतरी घरी थांबायला हवं होतं. मी रजा मागू शकलो असतो. देवकी म्हणाली, तुम्ही जा. गेलो.

टेकडीच्या गणपतीला जाऊन विचारावं म्हणतो, काय करू. खरं म्हणजे विचारण्यासारखं काही उरलेलं नाही. यमुताईंना पत्र लिहायला घेतलं. 'सप्रेम नमस्कार' इथे थांबलो. दसरा होऊ द्यावा.

१६ ऑक्टोबर, सोमवार

यमुताई संध्याकाळी आल्या. घर घासूनपुसून लख्ख. दूध आटवलेलं, वर चारोळ्या. त्यांनी डबे उघडून पाहिले. माठात वाकून पाहिलं. जिजाच्या डोक्यात फणी फिरवली, एक ऊ निघाली नाही. मग भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "मारोतराव, मी हारली बापा. गोपिकाचंच घर वाटून राहिलं. पोरी राहू द्या तुमच्यापाशी."

देवकी दारात उभी होती. माझ्याकडे पाहून हसली. तिला असं हसताना पाहून किती दिवस झाले, आठवेना.

एवढं ऐकण्यासाठी महिनाभर धडपड चालली होती. मी दुधाचा पेला उचलला. वाटलं, पिऊन टाकावं, काही बोलू नये, दिवाळीनंतर पाहू. तिचा हसरा चेहरा तसाच होता. ती पुढची सात वर्षं, लग्न होईपर्यंत, अशीच उभी राहील, हे मला दिसलं. पेला खाली ठेवला आणि यमुताईंना सगळं सांगितलं. पाणी, पोळ्या, बत्तीस दिवस, सात अर्ज, अर्जातलं कारण. बाईंना मी काय उत्तर दिलं तेही. शेवटी म्हटलं, पोरी घेऊन जा.

देवकी आत निघून गेली. यमुताईंनी पदर तोंडाला लावला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

रजा घेतली, पूर्ण दिवसाची. देवकीनं कपडे भरले नाहीत, मीच भरले. जिजाचे फ्रॉक कोणते आणि देवकीचे जुने कोणते, मला ओळखू येईनात. सगळे एकाच पेटीत कोंबले. रिक्षात जिजा मध्ये बसली. वाटेत तिनं तीनदा विचारलं, बाबा, तुमची पेटी कुठे हाय?

प्रताप नगरात यमुताईंनी पानं वाढली. देवकी बसली, लगेच उठली आणि वाढायला भांडं घेतलं. यमुताईंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं. "बस वं माय. तू जेव." ती बसली, पण घास घेईना. मी दर रविवारी येईन म्हणालो. यमुताई म्हणाल्या, "महिनाभर नका येऊ, मारोतराव. तुम्हाले पाहीन तं थे पुन्हा तुमच्या मागंच येईन." त्यांचं बरोबर आहे.

निघताना देवकीला हाक मारली. ऐकू गेली असावी.

दुपारी अडीच वाजता दोन्ही मुली यमुताईंच्या स्वाधीन केल्या.