दोन प्रोसेसरचे मशीन आणि मागची खोली

मी, खाली सही करणारी, मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेल्या सर्व्हरचे प्रोसेसर आणून त्यांवर टेबलाखाली मावतील अशी मशीन बांधून देणारी बाई, लिहून ठेवते की गुडघे कामातून गेले असले तरी माझे डोके शाबूत आहे. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने करत आहे. माझ्यावर दबाव आणणाऱ्याची मी काय गत करते, हे ओळखीच्यांना वेगळे सांगायला नको.

कलम १. घर दोन खोल्यांचे आणि माझ्या कमाईचे आहे. नवरा बिचारा हयातभर "तुझं घर" असेच म्हणायचा आणि पंखे पुसून द्यायचा. मागची खोली आणि तिच्यातले दोन प्रोसेसरचे मशीन मी माझ्या सुनेला देते. मुलगा तिच्यापासून वेगळा राहतो, कागद कोर्टात गेले आहेत. वकील म्हणाले, "निकाल लागला की ती तुमची सून राहणार नाही. शब्द बदला." बदलत नाही. मात्र पुढे कोणी कीस काढू नये म्हणून लिहिते: निकाल काहीही लागो, आज माझ्या घरात राहते आणि त्या मशीनवर काम करते, तीच.

कलम २. मशीनला भंगार म्हणणाऱ्यांसाठी. शोरूममधले चकचकीत मशीन खेळ खेळायला झकास. माझे प्रोसेसर जरा धीमे, पण ढीगभर कामे एकदम ओढतात, आणि त्यांची मेमरी आपली चूक आपणच धरून सुधारते. सून आर्किटेक्टांच्या नकाशांवरून अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रे करते. एकेका चित्राला मशीन दिवसभर राबते, आणि तिचे पोट त्यावर आहे. सूनबाई, पंखे बदलशील तर माझ्या खोक्यातलेच लाव. सर्व्हरच्या बोर्डाला हळू फिरणारा पंखा मेलेला वाटतो आणि तो बाकीच्या पंख्यांना बोंबलत सोडतो.

कलम ३. पुढची खोली, म्हणजे माझे दुकान, आणि बँकेतली शिल्लक मुलाला. मागच्या खोलीची वाट या खोलीतूनच जाते. ती त्याने उघडी ठेवायची. कुलूप, कपाट, भाडेकरू, काहीही आड आणायचे नाही. हे लिहावे लागते, कारण तो मला तोंडावर म्हणाला आहे, "तुझ्यामागे अख्खं घर विकणार. ती जाईल तिच्या वाटेने."

याचे मूळही लिहिते. गिऱ्हाईक अडले म्हणून त्याने सुनेला न विचारता त्या मशीनमधला एक प्रोसेसर काढून नेला. एक उरतो, काम जरा हळू चालेल, एवढाच विचार. तो शोरूममध्ये नोकरीला, आणि शोरूमवाल्यांना दोन प्रोसेसरच्या बोर्डाची सवय नसते. अर्धी मेमरी आणि ग्राफिक्स कार्डाची जागा त्या दुसऱ्या प्रोसेसरलाच जोडलेली होती, तो गेला आणि तीही गेली. सुनेचे हॉस्पिटलच्या इमारतीचे काम हातचे गेले. तिने रिकाम्या जागेवर बोट ठेवले, "हा तू काढलास." तो म्हणाला, "तुला काय कळतं त्यातलं?" आणि घर सोडून गेला.

बाळा, तू तिच्यावर चिडून गेला नाहीस. चूक उघडी पडली म्हणून गेलास. एवढे सोडले तर तू वाईट नाहीस, आणि मला तू हवा आहेस. हेही कागदावर असू दे.

कलम ४. कोपऱ्यावरचा दुकानदार माझी मशीन नवीन म्हणून विकायचा. त्याला माझ्या स्टिकरांचा उरलेला गठ्ठा द्यावा. त्यांवर "प्रोसेसर जुना, तपासलेला" असे ठळक छापले आहे.

कलम ५. जे वर आले नाही, किंवा ज्याचा हिस्सा कोणत्याही कारणाने त्याला पोचणार नाही, ते सगळे सुनेचे.

यापुढचे टाईप केलेले नाही, माझ्या हातचे आहे. शेजारची नर्सबाई साक्षीला वेळेवर आली. दुसरा साक्षीदार, माझा सोल्डरिंगवाला, उगवलाच नाही. मुलगा मला गाडीतून घेऊन आला होता आणि बाहेर बाकावर बसला होता. आत येऊन म्हणाला, "मी करतो सही, त्यात काय."

वकिलांनी हात आडवा धरला. "साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही. तुमचं तिसरं कलम जाईल."

त्याने कागद मागितला. तिसरे कलम वाचायला त्याला फार वेळ लागला. मी म्हटले, "दुसरं कोणी बघू. मला घाई नाही."

"नको," तो म्हणाला. "नुसती वाट देऊन काय करायचंय तिला? पुढची खोलीच तिला राहू दे."

वकिलांनी त्याला पाचवे कलम मोठ्याने वाचून दाखवले. त्याने मान हलवली. माझ्याकडे न बघता त्याने पेन मागितले, मी माझे दिले.

ठिकाण: वकिलांची कचेरी, जिन्याखालची खोली.
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यावर आहे तोच.

लिहून देणार: वरील बाई. सही.

साक्षीदार पहिली: शेजारीण, नर्स. सही.

साक्षीदार दुसरा: लिहून देणारीचा मुलगा. कलम तीन आणि पाच वाचले, समजले. सही.