दमण, दीव आणि मधला दरवाजा

आई, लखनौला तेलीबागच्या घरातला स्वयंपाकघराचा दरवाजा परवा पुन्हा आठवला. मी सहावीत आहे, नकाशात दमण आणि दीव एकमेकांना चिकटवून काढलेत, आणि तू पोळ्या लाटता लाटता वही बघतेस. "गाढवा, नावं एका दमात घेतली म्हणून गावं शेजारी येतात का?" शाळेत भूगोलाच्या मॅडमना, म्हणजे तुला, पोरं टरकायची, घरी तरी काय वेगळं होतं! स्वयंपाकघर म्हणजे दमण, बैठकीची खोली म्हणजे दीव, आणि मधला दरवाजा खंबातचं आखात. आखातातून चालत जाता येत नाही, म्हणालीस. मग आठवडाभर बाबांचा चहा मी मागच्या दाराने, अंगणातून वळसा घालून नेला. अख्खा गुजरातचा किनारा पालथा घातला म्हण ना! बाबा कप हातात घेऊन हसायचे, "अरे यार, चाय ठंडी हो गई." नकाशा मात्र जन्मात चुकला नाही.

तू दमणची. समुद्र न पाहिलेल्या लखनौच्या पोराला तू तो सगळा मुलूख तोंडी दाखवलास: दमणगंगेच्या दोन तीरांवर दोन किल्ले, इकडे मोटी दमण, तिकडे नानी, नाव नानी, म्हणजे धाकटी, पण गजबज सगळी तिथेच. लहानपणी तू हद्दीपलीकडे तुझ्या आजोळी जाताना नाक्यावरचे पोर्तुगीज शिपाई गाठोड्यातले लाडूसुद्धा फोडून बघायचे, हे सांगताना अजून चिडायचीस. पोर्तुगीज गेले तेव्हा तू शाळकरी मुलगी होतीस. तुझ्यासारखं शिकवणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही, आई. पण दीव तू स्वतः कधी पाहिलंच नव्हतंस. मी अमौसीला विमानतळावर नोकरीला लागलो, तेव्हा एकदाच म्हणालीस, "दीव दाखव रे मला." मी म्हणालो, पुढच्या वर्षी. दर वर्षी तेच म्हणालो, आणि मग तू गेलीस.

या हिवाळ्यात लेकीला घेऊन दीवला गेलो. तिला मराठी कळतं, बोलते मात्र हिंदीच. किल्ल्याच्या तटावर उभी राहून विचारते, "बाबा, आजी ने ये सब देखा था?"

हे पत्र कुठे धाडायचं नाही, तुझ्या जुन्या ॲटलासात राहील, म्हणून सांगतो. नकाशातली एक रेघ चुकली तरी तू वही भिरकावायचीस. मी लेकीला म्हणालो, "हो, बेटा. मीच आणलं होतं तिला."