अस्तर आणि नाडी

मरोळ, अंधेरी
डिसेंबर १९८७

तीर्थरूप बाबांना शेवंतीचा वाकून नमस्कार.

फुगा घालून हृदयाची रक्तवाहिनी उघडायला तुम्ही नाही म्हणालात, असं आईने कळवलं. तुमचं "मी काय जत्रा आहे?" वाचून आधी हसले, मग काळजी वाटली.

आमच्या प्रयोगशाळेत विमला मॅडम हेच तपासतात. खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या रक्तवाहिनीत तार सरकवून फुगा फुगवतात, मग ती रक्तवाहिनी निळ्या रंगात बुडवतात. आतलं अस्तर खरचटलं असेल तिथे निळं उमटतं. हो, अस्तरच म्हणतात त्या, तुमच्या शिलाईच्या दुकानातल्यासारखं!

काय हात आहे बाईंचा! तुम्ही लेंग्यात नाडी ओवता ना, अगदी तसा. अडलं की थांबतात, ढकलत नाहीत. निळं हल्ली फारच कमी दिसतं.

आईचा गुडघा कसा आहे? तिला घेऊन फुग्यासाठी इकडे याच. अडलं तर ढकलू नका, हे डॉक्टरांना मीच सांगेन.

तुमची
शेवंती